पावाचा रविवार

अशी जवळ ये, तेजू. दाराशी टेकून उभं राहून काही ऐकू यायचं नाही, माझा आवाज आता पहिल्यासारखा राहिला नाही. आणि आधी एक ऐकून घे. परवा लग्नाच्या मांडवात तू मला विचारलंस, ‘आत्याआजी, आपण सगळे लिंगायत, मग तू एकटीच चर्चला कशी जातेस?’ मी तोंड उघडतेय तोवर कुणीतरी म्हणालं पंगत बसली, आणि तू पळालीस. असं करतात का? प्रश्न विचारायचा आणि उत्तराला उभं ठेवून जेवायला जायचं? मी सोलापूरला परत येईपर्यंत मनातल्या मनात उत्तर देत होते. शेवटी म्हटलं, लिहूनच ठेवावं. मला काही लेखकासारखं लिहिता येत नाही. बोलते तसं लिहिते, तू ऐकतेस तसं वाच.

आमचं घर म्हणजे बोळातल्या दोन खोल्या. बाहेरचा सोपा आणि आत चूल. पलीकडच्या घरात तेलुगू मंडळींचा माग दिवसभर खडखडायचा, सणाच्या दिवशी तो बंद असला की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. अप्पा नवी पेठेत साडीच्या दुकानात होते. संध्याकाळी आले की त्यांच्या अंगाला कोऱ्या कापडाच्या खळीचा वास असायचा. अव्वा, म्हणजे माझी आई, मंद्रूपची. बोलायला लागली की अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि रागावली की कुठलं किती ते तिचं तिलाच कळायचं नाही. ती कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी करून विकायची. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, वर तीळ लावायचे, तव्यावर भाजून झाली की आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, उभी करून शेकत ठेवायची, पार कुडकुडीत होईपर्यंत. चटणी मात्र आम्ही दोघींनी कुटायची. उखळाच्या एका बाजूला ती, एका बाजूला मी, तिचं मुसळ वर गेलं की माझं खाली. बोळातल्या बाया म्हणायच्या, तुमच्या घरी पण माग बसवलाय की काय. तुझे आजोबा, आमचा मल्लू, तेव्हा शाळेत. त्याचं काम एकच, उखळाच्या काठावरची सांडलेली चटणी बोटानं उचलून खायची.

आता एक गोष्ट तुला सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात प्रत्येकाच्या गळ्यात लिंग. चांदीच्या डबीत, दोऱ्यात बांधलेलं. अंघोळ झाली की ते तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मगच तोंडात घास. आणि लिंग हरवलं तर ते सापडेपर्यंत अन्न नाही. एकदा अव्वाचाच दोरा तुटला. सगळं घर पालथं घातलं, सापडेना. दिवसभर तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि तशाच पोटी आम्हाला वाढलं. दिवे लागायच्या वेळेला ते शेंगांच्या टरफलांच्या पोत्यात सापडलं, तेव्हा ती पोत्यापाशीच फतकल मारून बसली आणि हसायला लागली. ज्याच्या गळ्यात लिंग नाही त्यानं चुलीच्या खोलीत यायचं नाही, उखळाला हात लावायचा नाही, अव्वाच्या हातचं घरात खायचं नाही; विकत नेलं तर गोष्ट वेगळी. कुणाचा राग म्हणून नाही. तिच्या लेखी ते उन्हात सावली पडते तसं होतं.

मी शिवणकाम शिकायला जायचे ती जागा चर्चच्या आवारात होती. शिकवणाऱ्या बाई तिथल्या ख्रिस्ती मंडळीतल्या. एकदा मशीनची सुई मोडली म्हणून रविवारी त्यांना गाठायला गेले, तर आत पेटी-तबला चाललेला. मला वाटलं होतं तिथं इंग्रजी काहीतरी गंभीर चालत असेल. इथं तर भजनासारखं चाललंय. मी मागच्या बाकावर टेकले आणि सुई विसरले. मग जातच राहिले. घरी ‘शिवण आहे’ सांगायचे. अव्वाला रविवारी शिवण कसं असतं ते कळत नव्हतं असं नाही, पण ती विचारायची नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं पुढे एक मेज मांडायचे, त्यावर काहीतरी पांढऱ्या कापडानं झाकलेलं. प्रभुभोजन म्हणायचे त्याला, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. पाळकसाहेब, म्हणजे तिथले धर्मगुरू, कापड काढायचे, प्रार्थना करायचे, मग दोन माणसं ताटं घेऊन बाकाबाकावरून फिरायची. सगळे इतके शांत की बाहेरच्या टांग्याचे घुंगरू ऐकू यायचे. आणि ताट माझ्या बाकापाशी आलं की माझ्यावरून पुढे जायचं. पहिल्यांदा मी आपला हात पुढे केला. ताट धरणारे देवदान मास्तर होते, शाळेतून निवृत्त झालेले, डोक्यावर टोपी. ते हळूच म्हणाले, “बाळ, हे सभासदांसाठी असतं.” मी हात मागे घेतला. पण तेजू, मला चैन पडेना. असं काय असेल त्या ताटात? मान लांब करून बघायचे, दिसायचं नाही. शास्त्रात वाचून दाखवायचे की येशूनं भाकर घेतली आणि मोडली. मला भाकरी कळते. पण भाकरी मोडल्याचा आवाज तर येत नव्हता.

तू म्हणशील, आत्याआजी, एवढ्यासाठी धर्म बदललास? नाही गं. नुसत्या चौकसपणानं माणूस दारापर्यंत जातं, आत जायला दुसरं काहीतरी लागतं. तिथं एक म्हातारी यायची, गिरणीत झाडलोट करणारी. एकदा प्रार्थनेच्या वेळी ती उभी राहिली आणि म्हणाली, “देवा, सून माझ्याशी बोलंना झालीया. चूक माजीच हाय, पर मला म्हणायला जमंना. तू जरा सांग की तिला.” आणि बसली. मी डोळे उघडून तिच्याकडे बघतच राहिले. देवाशी असं बोलता येतं? आमच्यात जुन्या संतांची वचनं होती, सुंदर होती, अप्पा म्हणायचे तेव्हा अजून अंगावर काटा येतो. पण ती मी पाठ केलेली होती. माझं स्वतःचं, माझ्या तोंडचं, असं मी देवाला कधी काही सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी घरी येताना बोळाच्या तोंडाशी थांबून मी सांगून बघितलं. काय सांगितलं ते तुला सांगणार नाही. पण ऐकणारं कुणीतरी होतं, हे मी आजही कुणापुढेही सांगेन.

मी पाळकसाहेबांना म्हटलं, मला सभासद व्हायचंय. मला वाटलं खूश होतील. ते उंच, मितभाषी गृहस्थ, चष्मा पुसत बसले. म्हणाले, “किती सोडावं लागेल ते बघितलंस?” मी म्हटलं, “बघितलंय.” ते म्हणाले, “नाही बघितलं. बुरूज बांधायला बसणाऱ्यानं आधी खर्च बघावा. तू सज्ञान आहेस, मी नाही म्हणू शकत नाही. पण आईवडिलांना सांगून ये. चोरून कुणाला मी बाप्तिस्म्याचं पाणी घालणार नाही.” मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता वाटतं, भला माणूस.

घरी सांगितलं तेव्हा अप्पा पानाला चुना लावत होते. बोट तसंच राहिलं. माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं, अक्कलकोटकडचं एक स्थळ जवळजवळ ठरल्यात जमा होतं. ते गेलं हे त्या क्षणी तिघांनाही कळलं. अव्वा एवढंच म्हणाली, “आनि गळ्यातलं?”

“काढावं लागंल,” मी म्हटलं.

“मग जेवनार कुटं?”

बघ, सगळं सोडून तिनं हे विचारलं. जात जाईल, लोक काय म्हणतील, नाक कापलंस, यातलं काही नाही. जेवणार कुठं. पाळकसाहेबांनी खर्च बघ म्हटलं होतं, तो हा खर्च, आणि मी तो खरंच बघितला नव्हता.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी गळ्यातून दोरा काढला आणि डबी अव्वापुढे धरली. तिनं हात पुढे केला नाही. घेतली असती तर कबूल झाल्यासारखं झालं असतं. माझा हात तसाच, दोरा लोंबतोय. मल्लू एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघतोय. शेवटी अप्पा उठले, उपरण्याला हात पुसले आणि म्हणाले, “दे हिकडं. असं लोंबकळत ठिवू नये.” त्यांनी ती डबी आतल्या भिंतीतल्या देवळीत ठेवली. दुसऱ्या दिवसापासून अव्वा स्वतःच्या लिंगाबरोबर त्याचीही पूजा करायला लागली. मल्लूनं विचारलं तर म्हणाली, “ती करीना म्हनून त्याला उपाशी ठिवायचं व्हय?”

रविवारी माझा बाप्तिस्मा झाला. डोक्यावर पाणी घातलं ते मानेवरून उघड्या गळ्यापाशी ओघळलं, आणि तिथं काही नाही हे पाण्यालाही कळलं असेल असं वाटलं. मग पांढरं कापड निघालं, ताट आलं, आणि देवदान मास्तर या वेळी माझ्यापुढे थांबले. इतके महिने मान लांब करून बघत होते ते आता नाकासमोर. तेजू, पाव होता. बेकरीतला पांढरा पाव, कडा काढून बारीक चौकोन केलेले. आणि इवल्याशा पेल्यात काळ्या द्राक्षांचा रस. मी घेतला, डोळे मिटले. खोटं सांगत नाही, मन भरून आलं होतं. पण मनाचा एक कोपरा चुलीपाशीच वाढलेला ना. तो म्हणत होता, पाव कालचा आहे.

घरी आले तर अव्वा दारात. सवयीनं तिच्या तोंडून गेलं, “ऊटा आत?” जेवण झालं का, हे. आमच्याकडे कुणीही दारात आलं की पहिलं हेच विचारायचं, राम राम नंतर. तिनं विचारलं आणि लगेच तोंड मिटलं. कारण झालं नाही म्हटलं असतं तर वाढणार कसं? आम्ही दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या. मग तिनंच दुसरं विचारलं.

“काय हुतं त्या ताटात?”

म्हणजे मी कधीतरी मल्लूला सांगितलेलं तिनं ऐकलेलं होतं. तिलाही तितकीच उत्सुकता होती.

“पाव,” मी म्हटलं.

“कसला पाव?”

“बेकरीचा.”

“घरी कुनी केला न्हवता?”

“न्हाई.”

“पावासाटी घर सोडलंस?”

मागून मल्लू म्हणाला, “निदान खारी तरी द्यायची की.” त्याच्या पाठीत धपाटा बसला. मी म्हटलं, “पावासाठी न्हाई, अव्वा.” मग कशासाठी ते मला सांगता येईना. आतून सगळं माहीत होतं, पण ते अव्वाला कळेल अशा शब्दांत माझ्याकडे नव्हतं. ती आत गेली आणि त्या दिवसापासून ‘ऊटा आत’ विचारायचं तिनं बंद केलं. शेजारणींना विचारायची, दूधवाल्याला विचारायची. मला नाही.

अप्पांनी मला घराबाहेर काढलं नाही. मी सोप्यात निजायचे, सोप्यातच वातीच्या स्टोव्हवर माझा भात शिजवायचे. शिवणाची कामं घेत होते, माझं मला भागत होतं. चुलीची खोली चार हातांवर. आतून फोडणीचा वास यायचा, मल्लूचं मचमच खाणं ऐकू यायचं. पण सगळ्यात जड गेलं ते उखळ. आता एकच मुसळ. धप्प, मग गप्प. जिथं माझं मुसळ पडायचं तिथं नुसती जागा. तिचा खांदा दुखायचा, मधेच थांबायची, आणि शिवताना माझा पाय मशीनवर त्याच ठेक्यात चालायचा ते माझ्या लक्षात यायचं. बोळातली एक बाई कुटू लागायला आली तर अव्वानं तिला चहा पाजून परत पाठवलं. लोक मला विचारतात, धर्म बदलल्याचं काय दुःख झालं? त्यांना वाटतं मारलं असेल, कोंडलं असेल. मी सांगते, उखळ. त्यांना कळत नाही.

तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनच्या परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या खाऊन सगळ्यांच्या जिभा विटलेल्या. अव्वा मिलोला हात लावताना तोंड फिरवायची, म्हणायची, ही भाकरी थापत न्हाई, हिची समजूत घालावी लागती. आणि मग मंद्रूपच्या मामानं नवी शाळू ज्वारी पाठवली. मोत्यासारखी. अव्वानं पोत्यात हात घातला आणि काढेचना. शनिवारी दिवसभर आतून थापण्याचा आवाज येत होता. नव्या ज्वारीचा तो गोडसर वास सोप्यात आला आणि माझ्या हातातलं शिवण थांबलं. मला मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून मी चुलीकडे पाठ करून बसले.

संध्याकाळी अव्वा उंबऱ्याशी आली. तिच्या हातात अप्पांच्या धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधलेली भाकऱ्यांची चवड.

“उद्या तुमचा पावाचा रविवार न्हवं?”

तिनं ध्यानात ठेवलं होतं. मी मान हलवली.

“देवाला बाजारचं देत्यात. शोभतं का? एवढी शिकलेली मानसं, एकीलाबी चूल न्हाई व्हय? हे ने.”

“अव्वा, तुझ्या हातचं मला...”

“तुला कुनी दिलं?” ती म्हणाली. “देवाला दिलंय.” आणि फडकं उंबऱ्यावर ठेवून आत गेली.

सकाळी मी ते घेऊन चर्चमध्ये लवकर गेले. पाळकसाहेबांनी गाठ सोडली, एक भाकरी हातात घेऊन उन्हाकडे धरली. म्हणाले, “आमच्या खेड्यातल्या मंडळ्यांत भाकरीच असते.” पण देवदान मास्तर पुढे आले. वाईट माणूस नव्हते, काळजीवाहू. म्हणाले, “साहेब, भाकरीचं काही नाही. पण हिच्या घरी आधी त्यांच्या देवाला दाखवून मग पाठवली असेल. दुसऱ्या देवाला वाहिलेलं आपण प्रभूच्या मेजावर कसं ठेवायचं?” पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला माहीत नव्हतं, आणि नसेल दाखवली असं म्हणायची जीभ होईना, कारण आमच्याकडे नव्या धान्याचं पहिलं लिंगालाच दाखवतात. ते म्हणाले, “विचारून ये. अजून वेळ आहे.”

मी बोळातून पळत गेले. एवढी मोठी बाई, पदर खोचून पळतेय, लोक बघतायत. मनात एकच, तिनं दाखवलेली असली तर ही चवड मला परत आणावी लागेल आणि तिच्या हातात द्यावी लागेल. मग ती पुन्हा कधी काही पाठवणार नाही. अव्वा पाणी भरत होती. मी धापा टाकत विचारलं, “अव्वा, भाकरी आधी देवाला दाखवलीस?”

तिला रागच आला. “कोन विचारतंय?”

“त्या लोकांनी विचारलंय.”

तिनं घागर खाली ठेवली. “हात गेला हुता देवळीकडं. मग म्हटलं, एकाला दाखवल्यालं दुसऱ्याला कसं द्यायचं? उष्टं हुतं की. तुमच्या देवाची चवड येगळी बांधली, मग आमच्या देवाला दाखवलं. जा सांग त्यास्नी, मला शिकवू नका म्हनावं.”

मी निरोप जसाच्या तसा सांगितला, शेवटच्या वाक्यासकट. पाळकसाहेब खाली मान घालून हसले. देवदान मास्तरांनी टोपी नीट केली, भाकरीचा एक कोपरा चाचपला आणि म्हणाले, “बरं. पण ही फारच कडक आहे. माझ्यासारख्या बोळक्या तोंडाच्यांनी काय करायचं?” आणि स्वतःच ताटं मांडायला लागले.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी मेजावरची भाकरी दोन्ही हातांत धरली आणि मोडली. कडकन आवाज झाला. मागच्या बाकापर्यंत. एक लहान मूल दचकून रडायला लागलं. इतके महिने शास्त्रात ऐकत होते तो आवाज मला तेव्हा ऐकू आला, आणि तो माझ्या घरचा होता. ताट माझ्यापर्यंत आलं. मी तुकडा तोंडात घातला. तीळ, जरासा आराचा धूर, आणि अव्वाच्या हातचं मीठ, ती नेहमी कणभर जास्तच घालायची. पुढच्या बाकावर म्हातारे तुकडे द्राक्षाच्या रसात बुडवून चघळत होते. मी मात्र चावून, कुडकुड आवाज करून खाल्ला.

घरी गेले तर अव्वा उखळापाशी, मुसळ हातात. मान वर न करता म्हणाली, “संपल्या?”

“संपल्या.”

“तूबी खाल्लीस त्यातली?”

“खाल्ली.”

“मग बरं,” ती म्हणाली, आणि मुसळ मारलं. एकदा. मग थांबून तिनं, अगदी दूधवाल्याला विचारते तसं, विचारलं, “ऊटा आत?”

“आतव्वा,” मी म्हटलं. झालं, अव्वा.

तू गोष्टीचा शेवट गोड करशील म्हणून सांगून ठेवते. चुलीच्या खोलीत मी पुन्हा कधी बसले नाही. माझं लग्न पुढे मंडळीतच झालं, घर वेगळं झालं, अव्वा माझ्या दारात यायची, पाणी न घेता बसायची आणि जायची. तिचा नेम तिनं मोडला नाही आणि मी तिला मोडायला सांगितलं नाही. पण ती असेपर्यंत दर महिन्याला पहिल्या रविवारच्या आधी चवड यायची. खांदा पार गेला तेव्हाही यायची, फक्त भाकऱ्या जाड झाल्या. मी कधी कधी अजून विचार करते, तिनं ते खरंच देवाला पाठवलं की मला? विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मग चवड बंद झाली असती.

ती गेल्यापासून त्या भाकऱ्या मी करते. मेजावर अजून भाकरीच असते, नवीन पाळक आले की त्यांना एकदा सगळं समजावून सांगावं लागतं. पण आता माझी बोटं दुखतात, पातळ थापली जात नाही, आणि उखळाशी तर मी एकटी काय करणार? मिक्सरमध्ये चटणी होते गं, पण तिला आवाज नसतो. तर तू ये. येत्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी आलीस तर बरं, मल्लूला पण आण, त्याला काठावरची चटणी आवडते. तुझ्या गळ्यात काय आहे, काय नाही, ते मी बघणार नाही, चुलीपाशी सरळ आत ये. हात तेवढे धुऊन ये. आणि जेवून येऊ नकोस, दारातच मी विचारणार आहे.